ट्रेलरचं दार भिंतीला टेकवून झोपायचं

रात्रीचे पावणेदोन. मोटेलच्या पार्किंगमधे मी व्हॅन रिव्हर्स घेतोय आणि मागे आमचा ड्रमर मोबाइलचा टॉर्च हलवत "ये ये ये ये... बास!" करतोय. ट्रेलरचं मागचं दार आणि मोटेलची भिंत यात फार तर वीतभर अंतर ठेवायचं, म्हणजे कोणी कुलूप तोडलं तरी दार उघडायला जागाच नाही. टूरवरच्या बँडचे ट्रेलर मोटेलच्या पार्किंगमधून रात्रीत साफ होतात, कधीकधी तर अख्खा ट्रेलरच सोडवून घेऊन जातात, म्हणून ट्रेलर व्हॅनला जोडायच्या हिचला वेगळं कुलूप, चाकाला वेगळं. आणि इतकं करूनही माझं पेडल स्टील, म्हणजे मी बँडमधे वाजवतो ते वाद्य, मी ट्रेलरमधे ठेवत नाहीच, ते खोलीत माझ्या पलंगाशेजारी झोपतं. केससकट पंचवीस किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली आणि लिफ्ट नसली की मला बासरी न शिकल्याचा पश्चात्ताप होतो.

पुष्कळ जण विचारतात की तू नक्की करतोस काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी अमेरिकेत टेनेसीतल्या नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या पंढरीत, राहतो आणि एका कंट्री बँडमधे पेडल स्टील वाजवतो. बँड म्हणजे गाणारी आणि गाणी लिहिणारी एक बाई, तिच्या मागे आम्ही तिघं, ड्रम, बेस आणि मी. लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही, बुकिंग एजंट होता तो गेल्या वर्षी आम्हाला कंटाळला. आधी मी आयटीत होतो. एच-वन-बीवर असताना बाहेर वाजवून वीस डॉलरची टिपसुद्धा घेता येत नाही, कारण तो व्हिसा त्या एका कंपनीच्या नोकरीपुरताच असतो, त्यामुळे पाच-सहा वर्षं नुसतं बेडरूममधे हेडफोन लावून वाजवत बसलो होतो. मग लग्न झालं, बायकोमुळे ग्रीन कार्ड झालं, आणि ज्या दिवशी कार्ड हातात आलं त्याच्या पुढच्या महिन्यात मी ब्रॉडवेवर, म्हणजे नॅशव्हिलच्या बारच्या रस्त्यावर, वाजवायला लागलो. घरच्यांना वाटलं ग्रीन कार्ड आलं म्हणजे आता घर घेईल. असो.

आईला समजावताना मी आपले शब्द वापरतो. बुकिंग म्हणजे सुपारी, मानधन म्हणजे बिदागी, आणि मी जे करतो ती साथसंगत. तिला ते लगेच पटलं. साथीदाराने कसं वागायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: गाणारा गात असताना मधे मधे लुडबुड करायची नाही, तो श्वास घेईल तेवढ्यात आपलं म्हणणं मांडायचं आणि गप्प बसायचं. पेडल स्टीलचं अख्खं शास्त्र हेच आहे. नॅशव्हिलमधे कोणी मला यापेक्षा वेगळं काही शिकवलं नाही, फक्त जास्त शिव्या देऊन शिकवलं.

या वाद्याबद्दल जरा बोलतोच, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. टेबलासारखं वाद्य, समोर खुर्ची टाकून बसायचं. दहा तारा, डाव्या हातात स्टीलची जाड कांडी, ती तारांवरून सरकवायची, उजव्या हाताला अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. खाली तीन पेडलं डाव्या पायाला, गुडघ्यांना लागतील असे चार-पाच दांडे, आणि उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर. पेडल दाबलं की काही तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो, म्हणजे मींड पायाने काढायची. पहिले सहा महिने बायको म्हणायची की तू शिवणयंत्र चालवतोयस आणि मशीन रडतंय.

आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोनवर म्हणाली, "अरे, ही तर आपल्या रेडिओवरची गिटार!" आणि बरोबर होतं तिचं. हजारा सिंग, व्हॅन शिपली यांच्या त्या हवाईयन गिटारवर वाजवलेल्या फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डी, ज्या एका पिढीने दुपारी रेडिओवर ऐकल्या, ते वाद्य आणि माझं वाद्य ही चुलत भावंडं. दोघांचं मूळ हवाईत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या हवाईयन पोराने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंड सरकवायला सुरुवात केली, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाटच आली, एक फाटा भारतात पोचला आणि एक टेनेसीत. पेडलवाला प्रकार तर बराच नवीन. १९५४ मधे गाजलेल्या वेब पियर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर वाकवला आणि मग प्रत्येक स्टीलवाला गॅरेजमधे आपल्या वाद्याला पेडल जोडत बसला. त्यामुळे बारमधे कोणी "तुझ्यासारखा माणूस कंट्रीत कसा काय?" असं विचारलं (विचारतात, बहुतेक वेळा प्रेमानेच) की मी सांगतो, बाबा, बँजोचं मूळ आफ्रिकेतलं, हे वाद्य हवाईतून आलेलं, ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळातला गाजलेला माउथऑर्गनवाला डीफर्ड बेली काळा माणूस होता, मग मी एक आलो तर काय झालं. एवढं लेक्चर दिलं की तो सहसा बिअर पाजतो, म्हणजे मी गप्प बसावं म्हणून.

आणि हो, ते ग्रँड ओल ऑप्री. नातेवाइकांना नॅशव्हिल म्हटलं की तेच माहीत. १९२५ पासून चालू आहे, शंभरी झाली, मला अजून बोलावणं आलेलं नाही.

मी सुरुवात केली ती लोअर ब्रॉडवेवर. सगळ्या टुरिस्ट लोकांनी बघितलेला रस्ता, एकाला एक चिकटून बार, प्रत्येक बारमधे बँड, काहींमधे तर मजल्यागणिक वेगळा बँड, आणि सकाळी दहा-अकरापासून रात्री उशिरापर्यंत चार-चार तासांच्या शिफ्ट. चार तास म्हणजे चार तास, ब्रेक जवळपास नाहीच, एक जण बादली घेऊन टिपा गोळा करायला फिरतो तेव्हा बाकीचे वाजवत राहतात. रिहर्सल नावाची गोष्ट नाही. तुम्हाला सकाळी मेसेज येतो, दुपारी दोन ते सहा, स्टील पाहिजे, आणि तुम्ही ज्या चार लोकांना आयुष्यात बघितलेलं नाही त्यांच्याबरोबर चाळीस-पन्नास गाणी वाजवता.

हे जमतं कसं, तर नंबर सिस्टिममुळे, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पाच मिनिटांत कळते, गिटार क्लासला गेलेल्या माणसाला पाच महिने लागतात. कॉर्डची नावं सी, एफ, जी अशी लिहायचीच नाहीत. पट्टी कुठलीही असो, सा वरचा कॉर्ड वन, म वरचा फोर, प वरचा फाइव्ह. म्हणजे सरगमच की! १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकांच्या गटातल्या नील मॅथ्यूजने कोरस बसवायला हे आकडे वापरायला सुरुवात केली, मग चार्ली मकॉय वगैरे स्टुडिओतल्या लोकांनी ते सगळीकडे पसरवलं. कागदावर नुसते आकडे, मायनर असेल तर पुढे छोटी आडवी रेघ, एकदा वाजवून घुमत सोडायचा असेल तर आकड्याभोवती चौकट, तिरकी, पत्त्यातल्या चौकटसारखी. गाणारीचा घसा बसला आणि पट्टी खाली आणली तरी कागद तोच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलोच, म्हटलं हे तर आमच्या पेटीवाल्या काकांना झोपेत येतं.

पण मी हुशारी करायला गेलो आणि पहिल्याच शिफ्टला तोंडावर आपटलो. पट्टीसाठी बोटांच्या खुणा असतात, त्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. बोटं वर म्हणजे त्या पट्टीत तितके शार्प, म्हणजे चढे सूर, बोटं खाली म्हणजे तितके फ्लॅट, म्हणजे उतरे. एक बोट वर म्हणजे जी, एक बोट खाली म्हणजे एफ, असं. पुढच्या गाण्याला लीडरने पाठीमागे हात घेऊन दोन बोटं खाली केली, म्हणजे बी फ्लॅट, आणि मला वाटलं हा टू कॉर्डपासून सुरू करतोय. झालं. चौघं एका पट्टीत आणि मी आधीच्याच गाण्याच्या पट्टीतला टू मायनर धरून अत्यंत भावपूर्ण इंट्रो वाजवली. समोर एका होणाऱ्या नवरीचा ग्रुप होता, डोक्यावर त्या गुलाबी टोप्या, त्यातली एक जण बेसवाल्याला ओरडून म्हणाली, "त्या टेबलाला काय झालंय?"

तर ब्रॉडवेवर दोन वर्षं काढली आणि मग या आमच्या गाणारीच्या बँडमधे आलो. ब्रॉडवेवर पैसे बरे मिळतात, खोटं कशाला बोलू, चांगल्या शनिवारी टिपांचेच इतके येतात की रस्त्यावरच्या, म्हणजे टूरवरच्या, तीन रात्रींत तेवढे होत नाहीत. पण तिथे रोज तीच दुसऱ्यांची गाणी. हिची गाणी मला आवडली, हे एकच कारण, दुसरं शोधून सापडत नाही.

रस्त्यावरचा दिवस म्हणजे काय ते सांगतो. स्टेजवर आम्ही असतो पाऊण तास ते दीड तास, टेक्सासात डान्सहॉल असेल तर तीन तास. उरलेले सगळे तास गाडी चालवणं, सामान उतरवणं, सामान चढवणं आणि वाट बघणं. वाट बघणं सगळ्यात जास्त. चार वाजता लोड-इन, म्हणजे सामान आत न्यायची वेळ, सांगतात, साडेचारला किल्लीवाला येतो, साउंडवाला साडेपाचला, आणि मग साडेआठपर्यंत तुम्ही एका रिकाम्या बारमधे, जिथे फरशी अजून कालच्या बिअरने चिकट आहे, मोबाइल चार्ज करत बसलेले. जेवायला पंधरा डॉलर मिळतात किंवा मेनूवर अर्धी किंमत, किंवा नुसतं पाणी. रात्री दीडला फक्त वॉफल हाउस उघडं असतं, ते चोवीस तास चालू असतं, देव त्यांचं भलं करो. आईचा प्रश्न येतो, "जेवलास का रे?" मी "हो गं" म्हणतो, काय ते सांगत नाही.

गेल्या रनला, म्हणजे टूरच्या फेरीला, नॅशव्हिलहून आय-४० हायवे धरून मेम्फिस, लिटल रॉक, ओक्लाहोमा सिटी करत टेक्सासातल्या ॲमरिलोपर्यंत गेलो आणि मग तिथून आणखी खाली उतरलो. नकाशात ती सरळ रेघ दिसते, प्रत्यक्षात ते साडेनऊशेच्या आसपास मैल आहेत आणि ओक्लाहोमानंतर झाडंच संपतात, नुसता वारा, आणि रिकामा ट्रेलर असेल तर तो शेपटीसारखा हलतो. आमचे दोन नियम आहेत, रात्री बारानंतर दोन तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवरच्या माणसाने झोपायचं नाही. दुसरा नियम बेसवाल्याला अजून कळलेला नाही. कंट्रीवाल्यांना या बाबतीत वेगळी गोष्ट सांगावी लागत नाही, कंट्रीतला दिग्गज गायक हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला ओहायोतल्या कॅन्टनच्या शोला निघालेला असताना कॅडिलॅकच्या मागच्या सीटवरच गेला, वय २९. त्यामागे दारू होती, औषधं होती, तब्येत होती, सगळं खरं, पण पोरगेलासा ड्रायव्हर शेकडो मैल गाडी चालवतोय आणि मागचा माणूस कधी गेला हे त्याला कळलंच नाही, हे चित्र मला मध्यरात्री हायवेवर आठवतं आणि मी मागे वळून विचारतो, "जागे आहात ना सगळे?" सगळे वैतागतात.

टेक्सासचं मात्र मला कौतुक आहे. तिथले डान्सहॉल बरेचसे जर्मन आणि चेक लोकांनी बांधलेले, ग्रीन हॉल तर १८७८ चा, लाकडी, अजूनही एसी नाही, बाजूच्या खिडक्या उघड्या टाकल्या की झालं. आणि लोक ऐकायला येत नाहीत, नाचायला येतात. हा फरक स्टेजवरून फार भयंकर असतो. ऐकणारा माणूस तुमच्या चुका माफ करतो, नाचणारा करत नाही. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभर फिरत असतात, टू-स्टेप नाच चालू असतो, आणि ड्रमरची लय जरा पळायला लागली की कडेने फिरणारी सत्तरीची जोडपी, ज्यांचे पाय पन्नास वर्षं एकत्र पडतायत, त्यांची पावलं तुटायला लागतात. ती म्हातारी माणसं स्टेजकडे नुसतं बघतात. काही बोलत नाहीत. ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमपेक्षा कडक. एकदा एका वॉल्ट्झला, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या गाण्याला, आम्ही इतके पळालो की एका आजीने चालू नाचात आजोबांना थांबवलं, खुर्चीवर नेऊन बसवलं आणि पुढचं गाणं सुरू होईपर्यंत पर्समधे काहीतरी शोधत राहिली. आमच्या ड्रमरने ती रात्र मनाला लावून घेतली, आता तो वॉल्ट्झच्या आधी स्वतःशी पुटपुटत मोजतो.

आता पैशाचं. मी आयटीवाला म्हणून बँडचा हिशोब माझ्याकडे आला, म्हणजे एक एक्सेल शीट, प्रत्येक रात्रीची एक ओळ. आधी मला काहीच माहीत नव्हतं, मला माझे १२५ डॉलर मिळायचे, रोज रात्री, व्हॅनमधे बसायच्या आधी, रोख. गर्दी असो नसो. मला वाटायचं वा, बरं चाललंय की आपलं. शीट हातात आल्यावर कळलं की बरं कोणाचं चाललंय.

एक मंगळवार घ्या. गाव सांगत नाही, जागाही सांगत नाही. तिथे गॅरंटी, म्हणजे आधी ठरलेली रक्कम, नव्हती, डोअर डील होतं, म्हणजे तिकिटाचे जेवढे जमतील त्यातून आधी साउंडवाल्याचे १०० काढायचे आणि उरलेल्याचे ८० टक्के आपले. १२ डॉलरचं तिकीट, ४३ माणसं आली, ५१६ जमले, १०० गेले, आमच्या वाट्याला वरचे सेंट सोडून ३३२. त्यातून आम्हा तिघांचे ३७५. इथेच गणित संपलं, नाही का? पुढे मोटेलच्या दोन खोल्या १५८, आणि त्या दिवशी २६५ मैल आलेलो, ट्रेलर लावल्यावर व्हॅन गॅलनला बाराच मैल देते, म्हणजे गॅसचे, आपल्या भाषेत पेट्रोलचे, ६६. मर्चच्या, म्हणजे बँडचा माल विकायच्या, टेबलावर चार शर्ट आणि तीन रेकॉर्डी गेल्या, टिपा धरून २३१, त्यातून माल बनवायचा खर्च ७८. सगळं बेरीज वजाबाकी करून उणे ११४. हे उणे कोणाचं? तिचं. जी दीड तास गायली, जिने गाणी लिहिली, जिने तो शो सहा महिन्यांपूर्वी अकरा ईमेल करून मिळवला, ती त्या रात्री ११४ डॉलर देऊन गायली. आणि त्यातही गाडीची झीज धरलेलीच नाही, आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, २०२५ साठी मैलामागे ७० सेंट धरू देत होतं, त्या हिशोबाने व्हॅनचे १८५ व्हायला हवेत, आम्ही ६६ धरलेत. मी तो कॉलम शीटमधे टाकला होता, तिने मला तो काढायला लावला. म्हणाली, टॅक्सच्या वेळी बघू, रोज कशाला बघायचं.

इंडिपेंडंट म्हणतात ना, त्याचा अर्थ मला त्या शीटवर कळला, खड्डा कुठेतरी पडतोच आणि तो एकाच माणसाच्या अंगणात पडतो. शुक्रवार-शनिवार बरे जातात, एखादं प्रायव्हेट लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम मिळाला तर आठवड्याभराचे मंगळवार भरून निघतात. रन संपताना शीट बहुतेक वेळा शून्याच्या थोडं वर असतं. थोडं.

मी एकदा शहाणपणा केला. त्या उणेवाल्या रात्री तिला म्हटलं, माझे १२५ राहू दे या वेळेला. ती ट्रेलरला कुलूप लावत होती, वळली पण नाही. "तू पैसे सोडायला लागलास तर तू साथीदार नाही राहणार, पार्टनर होशील. मग गाण्यांची सेटलिस्ट तुला विचारून लावावी लागेल." आणि नोटा माझ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. मी काय बोलणार? तिचं खरंच होतं. त्याच आठवड्यात मी दोनदा तिला सांगितलं होतं की ती चौथी वॉल्ट्झ काढून टाक.

स्ट्रीमिंगचं विचारू नका, शीटमधे त्याला वेगळा कॉलम आहे पण तो बघायला भिंग लागतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही, तिची जुनी तीन-चार गाणी त्यात मोडतात. आणि रेडिओची गंमत तर मला इथे राहून इतकी वर्षं माहीत नव्हती: अमेरिकेत एएम-एफएमवर गाणं लागलं तर लिहिणाऱ्याला पैसे, वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला काही नाही. सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओवर मात्र मिळतात. म्हणून रात्री मोटेलवर आल्यावर ती आंघोळीला जाते आणि मी लॅपटॉप उघडून त्या रात्रीची सेटलिस्ट भरत बसतो, कारण स्वतःची गाणी लाइव्ह वाजवली की बीएमआय आणि अस्कॅप या गीतकारांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था त्याचेही गीतकाराला थोडे पैसे देतात, फक्त कुठे, कधी, कुठली गाणी हे तुम्ही स्वतः कळवावं लागतं. बहुतेक बँड आळस करतात. मी करत नाही, जुनी टाइमशीट भरायची सवय.

खरा पैसा टेबलावर. शेवटचं गाणं संपलं की मी पेडलांचे रॉड काढायच्या आधी धावत मर्चच्या टेबलामागे जातो, कारण लोक दारातून बाहेर पडायच्या आधी दहा मिनिटं असतात, तेवढ्यातच विक्री. काही जागा तिथेही हात मारतात, एकदा तर एका ठिकाणी विकलेल्या मालातले २० टक्के मागितले, आमच्या चुलीवरची भाकरी आणि ताट त्यांचं. बाकी माझी टेबलावरची अडचण एकच, एक्सएल. एक्सएल आणि डबल एक्सएल कायम संपलेले. स्मॉलचा गठ्ठा दीड वर्ष देश फिरतोय, त्याचे मैल माझ्यापेक्षा जास्त असतील.

ॲमरिलोला असंच झालं. टेबलासमोर एक आजोबा आले, गळ्यात दोरीचा बोलो टाय, इस्त्रीचा शर्ट, डाव्या करंगळीशेजारी तो जुना घट्टा जो मला लगेच कळला. मी म्हटलं, "तुम्ही वाजवता?" म्हणाले, "वाजवायचो." मग थोडा वेळ शर्ट चाळत राहिले आणि वर न बघता म्हणाले, "तुझी सहावी तार चढी आहे."

मी म्हटलं नाही, ट्यूनरवर बघून लावलीय, बरोबर शून्यावर. "तेच तर," म्हणाले.

मला खरं तर हे कळायला पाहिजे होतं, कारण हे आपल्याकडचंच आहे. ई हा सा धरला तर सहावी तार म्हणजे गंधार. ट्यूनरवरचा गंधार पेटीचा असतो, थोडा चढा, आणि तानपुरा नीट लागल्यावर त्यातून जो आपोआप ऐकू येतो तो खाली असतो, चौदा सेंटच्या आसपास उतरा (हे सेंट पैशाचे नव्हेत, सुरांमधलं अंतर मोजायचे). जुने स्टीलवाले ट्यूनर मानतच नाहीत, कानाने गंधार उतरवून लावतात, म्हणून त्यांचे कॉर्ड गोड वाटतात आणि माझे जरा करकरीत. मी लहानपणी चार वर्षं तानपुऱ्यासमोर बसून काढली, आणि हे मला सांगायला ॲमरिलोत कोणीतरी यावं लागलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू ट्यूनर लावतोसच कशाला?"

आजोबांना शर्ट हवा होता, एक्सएल. नव्हता. मी मिडियम दाखवला तर त्यांनी माझ्याकडे त्या वॉल्ट्झवाल्या आजीसारखं बघितलं. मग वीसची नोट टेबलावर ठेवली, नॅपकिनवर पत्ता लिहिला, "आले की पाठव," म्हणाले, आणि पाच डॉलर कमी पडतात हे मी सांगायच्या आत बाहेर पडले.

काल नवी ऑर्डर टाकली. मी आमच्या गाणारीला दोन वर्षांची विक्री साइजप्रमाणे काढून दिली, तक्ता करून, स्मॉल अजिबात नको असं लाल रंगात. तिने बघितला, हं म्हणाली, आणि तरी बारा स्मॉल मागवले, कारण तिच्या मते लोकांना मुलींसाठी लागतात. लागत नाहीत. एक्सएल या वेळी चाळीस आहेत, गुरुवारी येतील, त्यातला पहिला नॅपकिनवरच्या पत्त्यावर जाईल. शीटमधे ती ओळ मी आधीच भरलीय: विक्री २०, पोस्टेज माझ्याकडून. सहावी तार आता ट्यूनरवर उणे चौदा दाखवते आणि बेसवाला म्हणतो तू बेसूर आहेस.